हातपंख्याआडचा प्रश्न

अक्षयाचा शाळा सोडल्याचा दाखला तयार होता, फक्त मुख्याध्यापिकांची सही बाकी होती. “हाक मारली तरी मुद्दाम ओ देत नाही,” त्या म्हणाल्या. “घरीही तसंच. मारूनही फरक नाही,” तिरुभुवनमहून आलेले वडील, राजगोपाल, कडवटपणे म्हणाले. कुंभकोणमच्या काही शाळांचं काम पाहणारी मानसशास्त्रज्ञ सुष्मिता मुलीकडे बघत होती. मुलीची नजर बोलणाऱ्यांच्या ओठांवरून हलत नव्हती. सुष्मितानं टेबलावरचा हातपंखा तोंडाआड धरून तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या अक्षयाला तिच्या घरच्या मराठीत मोठ्यानं विचारलं, “अक्षया, सकाळी काय खाल्लंस?” मुलगी पंख्याकडे बघत राहिली. “बघा,” म्हणत राजगोपालांनी हात उगारला. सुष्मितानं पंखा खाली घेऊन तोच प्रश्न विचारला, पण नुसते ओठ हलवून, आवाज न करता. “पोंगल,” अक्षया म्हणाली. राजगोपाल लेकीसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांचे ओठ बोलताना इतके थरथरले, की तिला काहीच कळेना.