पाइप गरम आहे

प्लंबर ओट्याखाली उताणा झाला आणि डोकं आत सरकवता सरकवता त्याने विचारलं, "पावडर, ॲसिड, असलं काही ओतलेलं नाही ना?"

सून तोंड उघडणार, तोवर सासूबाईंनी उत्तर देऊनही टाकलं. "छे! तसलं काही आमच्या घरात येतच नाही."

घरात कुणीही आलं तरी आधी सासूबाई बोलत. डॉक्टरांनी सुनेला कुठे दुखतं म्हणून विचारलं, तर तेही त्याच सांगत. सात वर्षांत सुनेला या गोष्टीची सवय झाली होती, आणि खरं म्हणजे सोयही. आज मात्र तेच तिला नडत होतं. सकाळी दहा वाजता, सासूबाई आंघोळीला गेल्या असताना, तिने तुंबलेल्या सिंकमध्ये पाइप मोकळा करायची पावडर ओतली होती. पाकिटावर दोन चमचे लिहिलं होतं. दोन चमच्यांनी पाणी जागचं हललं नाही, म्हणून तिने अख्खं पाकीट रिकामं केलं. पाणी खदखदलं, धूर आला, आणि सिंक होतं तसंच तुंबलेलं राहिलं. शेवटी प्लंबरला बोलवावंच लागलं.

"तीस वर्षं हे सिंक मी एकटीने वापरलं," सासूबाई सांगत होत्या. "एकदा तुंबलं असेल तर शपथ. आता काय, ज्याचं त्याने बघावं."

"सिंकला माणसं ओळखू येत नाहीत, मावशी," ओट्याखालून आवाज आला. "सासू असो की सून, तुंबायचं तेव्हा ते तुंबतंच."

सासूबाई हसल्या नाहीत.

सून खाली वाकली. प्लंबरचं तोंड वाकड्या पाइपच्या बरोबर खाली होतं. डोळे उघडे. त्याने मानेपाशी ॲल्युमिनियमचं पातेलं सरकवलं, एका हाताने पाइप धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"पाइप गरम कसा?"



"आत्ताच गरम पाणी ओतलंय," सासूबाई म्हणाल्या.

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. कुणी पाणी तापवलं नव्हतं. गॅस सकाळपासून बंद होता. म्हणजे यांना सगळं कळलंय? कळूनही आपल्यावर पांघरूण घालताहेत? की परका माणूस गेला की मग बघून घेणार आहेत? सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

खाली पाना लागला. नट किरकिरला.

"बसलाय लेकाचा घट्ट."

आता बोललं तर सासूबाई परक्यासमोर खोट्या पडणार. ते त्या कधी विसरायच्या नाहीत आणि तिलाही विसरू द्यायच्या नाहीत. न बोललं तर... पाकिटावर एक चित्र होतं. हातावर थेंब पडतोय आणि हाताला खड्डा पडलाय. इथे खाली हात नव्हता, डोळे होते.

नट अर्धा आटा फिरला.

"दादा," ती म्हणाली. नुसते ओठ हलले. पाना पुन्हा लागला तसा तिचा आवाज एकदम फुटला. "दादा, थांबा! बाहेर या आधी! पावडर ओतलीय मी. अख्खं पाकीट!"

पाना थांबला. नटाला धक्का लागू न देता, कोपरांवर रेटत प्लंबर इंच इंच बाहेर सरकला. उठून बसतो न बसतो, तोच नटाच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि पातेल्यात पडला. चर्रर्र झालं. पातेल्यात करडा फेस फुगून आला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने खिडकी उघडायला लावली. आता वरून पाण्याचा थेंबही ओतू नका म्हणाला. पिशवीतून चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे काढले. चष्म्याचं रबर दोनदा कानामागून निसटलं.

सून आता सासूबाईंच्या आवाजाची वाट बघत होती. तो येईना.

"कधी ओतली पावडर?"

"दहाला."

"आता दोन वाजलेत. एव्हाना पाइप गार व्हायला हवा होता. नंतर आणखी काहीतरी गेलंय यात. काय ते सांगा, नाहीतर मी हात लावणार नाही."

"मी नाही, दादा. खरंच, आणखी काही नाही."

प्लंबरने मान वर करून सासूबाईंकडे बघितलं. त्याच्यासोबत सुनेनेही.

"ॲसिड," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "संडास धुवायचं. अर्धी बाटली. मघाशी, ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा."

"दोघी बाहेर व्हा," प्लंबर ओरडला. "आधी बाहेर व्हा!"

दाराबाहेर आल्यावर सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"मीच तुंबवलं गं," त्या म्हणाल्या. "वाटलं, हे तुला कळायच्या आत मोकळं होईल."