नारिंगी रेघ

"परत दिलीस?" नवऱ्याने विचारलं. "रविवारी फायनल, आणि तू गाडीची सगळी सेटिंग्ज मास्तरांना देऊन मोकळी!"

"एकट्या मास्तरांना नाही. ग्रुपवर टाकली."

"वा! म्हणजे आता सगळेच तुला हरवणार."

तिने हसून स्टिअरिंगला अडकवलेला मुलीचा मोजा काढला. जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, खाली दोन पेडल्स, समोर स्क्रीन. मुलगी बालवाडीत गेली की सकाळचे दोन तास तिचे. एखादं वाद्य लावावं तशी ती स्क्रीनवरची रेसिंग कार लावायची. टायरमधली हवा किंचित कमी, मागचा पंख थोडा वर, सस्पेन्शन जरा मऊ. मनासारखं जमलं की ते आकडे ग्रुपवर. लपवून जिंकण्यात तिला गंमत वाटत नसे.

ऑनलाइन शर्यतींच्या लीगमध्ये सगळे तिला शिट्टी म्हणायचे. एकदा कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ती पहिल्या नंबरवरची गाडी सोडून स्वयंपाकघरात पळाली होती, तेव्हापासून.

यंदा ती आणि मास्तर गुणांमध्ये बरोबरीत होते. मास्तर खरोखरचे मास्तर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांचे पाय बघत आलेला माणूस. त्यांची एक खोड मात्र तिला कळत नसे. सरळ रस्त्यावर तिच्या अगदी मागे यायचे, आणि पुढे जायची वेळ आली की एकदम लांब सरकायचे.

"घाबरट आहेत," नवरा म्हणायचा.

"सभ्य आहेत," ती म्हणायची.

मंगळवारी मास्तरांकडून एक फाईल आली. सोबत दोन ओळी: 'शिट्टीबाई, तुमच्या सेटिंग्जवर काल आपण दोघांनी सराव केला, त्याचा आलेख. सरळ रस्त्यावर काय दिसतं ते नीट बघा. घाई नाही, पण बघा.'

तिने आलेख उघडला. स्टिअरिंग आणि पेडल्स कुठे किती हलली ते दाखवणाऱ्या, एकावर एक दोन रेघा. आपली निळी, समोरच्याची नारिंगी. दोन वर्षं ती हेच बघत आली होती. निळी रेघ पाहून तिला बरंच वाटलं. ब्रेक कसा वेळेवर, सोडला कसा हळुवार.

मग तिची नजर नारिंगी रेघेवर गेली. सरळ रस्त्यावर ती मध्येच पट्टीने आखल्यासारखी सपाट झाली होती. स्टिअरिंग हललं नव्हतं, पाय हलला नव्हता. दीड सेकंद. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तसंच, दुसऱ्या जागी. मग आणखी एकदा. नेट अडकलं तर गाडी उड्या मारते. इथे गाडी व्यवस्थित धावत होती. फक्त चालवणारा तिथे नव्हता.

"अगं, किती हाका मारायच्या?" आतून नवरा ओरडला. "दूध उतू गेलं!"

आधी तिने तिला जे येत होतं तेच केलं. पंख आणखी वर घेतला, मागची बाजू आणखी मऊ केली. आता हात थिजले तरी तेवढा वेळ गाडी आपोआप सरळ जात होती. मास्तर नक्की जिंकले असते. ही नवी सेटिंग्ज ती त्यांना पाठवणार, तेवढ्यात तिचं बोट थांबलं. स्क्रीनवरच्या गाडीला असं सांभाळून घेता येतं. पण मास्तर रोज ज्या गाडीत नवख्या माणसांना बसवतात, तिचं काय?

तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. बहीण मेंदूच्या वॉर्डात नर्स होती.

"असतात गं अशी माणसं," बहीण म्हणाली. "डोळे उघडे, आणि दोन सेकंद माणूस गायब. आजूबाजूच्यांना वाटतं, तंद्री लागली. त्याला स्वतःला तर पत्ताच नसतो."

"ताई, ते ड्रायव्हिंग शिकवतात."

"मग कसला विचार करतेस? सांग त्यांना. आधी तपासणी, तोवर गाडीला हात लावायचा नाही. उद्या कुणाचं पोर आडवं आलं तर?"

दोन दिवस ती लिहीत होती आणि खोडत होती. एखाद्याला त्याच्या पोटापाण्याचं कामच बंद करा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण बुधवारी रस्त्यात शिकाऊंची गाडी दिसली, आणि तिने मुलीचा हात इतका घट्ट धरला की पोरगी कळवळली.

"आई, दुखतंय!"

गुरुवारी सकाळी तिने एका दमात लिहून टाकलं. 'मास्तर, राग मानू नका. नारिंगी रेघ मी पाहिली. गाडीच्या सेटिंग्जने हे बरं होणार नाही. डॉक्टरांना दाखवा. तोवर खरी गाडी चालवू नका, एक दिवससुद्धा नाही. तुमच्या भरवशावर कुणीतरी शेजारी बसलेलं असतं.'

पाठवलं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग बूट, बाटली, डबा. मुलीला मागच्या सीटवर बसवून तिने पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"आई, चल ना. उशीर झाला की पहिल्या रांगेत बसायला मिळत नाही."

"निघाले गं बाई, निघाले."

तिने गाडी सुरू केली. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. मास्तरांचं उत्तर होतं.

'बाई, हे सांगायला धीर लागतो. मी महिनाभर तोच गोळा करत होतो. फाईल माझ्या मशीनवर बनलेली आहे, म्हणजे तिच्यात निळा मी. नारिंगी तुम्ही.'