भरलेली बादली

“बादली उचललीत ना, बाबा?” एक्स-रे उजेडाच्या चौकटीवर लावता लावता मुलाने विचारलं. त्याने वडिलांकडे मान वळवली नाही.

मिस्त्रींनी झोळीतला हात सावरला. चाळीस वर्षं सुतारकाम करून त्यांचा उजवा खांदा पार झिजला होता. महिन्यापूर्वी पोटच्या पोरानेच ऑपरेशन करून तो बदलला. ‘आमच्या डॉक्टरने नवा खांदा बसवला,’ असं मिस्त्रींच्या बायकोने गल्लीभर सांगून झालं होतं. आणि आता हाडात ठोकलेल्या धातूच्या दांडीजवळ हाड उभं चिरलेलं दिसत होतं.

“पेल्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं दहादा बजावलं होतं मी,” मुलगा म्हणाला. “हाड असं आपोआप तुटत नाही.”

“उचलली असेल,” मिस्त्री म्हणाले.

“असेल म्हणजे?” बायकोने तोंड सोडलं. “न्हाणीघराला आतून कडी लावून काय उद्योग करता, देव जाणे. पोराने तुमच्यासाठी रात्रीचा दिवस केला, आणि तुम्ही एका बादलीत सगळ्यावर पाणी फिरवलंत. दम म्हणून धरवत नाही या माणसाला.”

“चुकलं माझं.”

नर्सने फाइलमध्ये लिहून घेतलं, रुग्णाने वजन उचलले. मुलाने ते वाचलं. “नीट लिहा. पाण्याने भरलेली बादली,” तो म्हणाला. खाली मिस्त्रींनी डाव्या हाताने कशीबशी सही केली. ती कुणाची आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“हात चालेल ना रे पुन्हा?”

“जेवता येईल. शर्ट घालता येईल.”

“आणि रंधा?”

“रंधा विसरा आता. तुमच्याच हाताने करून घेतलंत हे.”

मिस्त्रींचे डोळे भरून आले. घरी नातीचं अभ्यासाचं टेबल तीन पायांवर भिंतीला टेकून उभं होतं. चौथा पाय नुसता कापून ठेवलेला. बायकोने ते डोळे पाहिले, पण तिला दया आली नाही. ती औषधांची चिठ्ठी घेऊन तणतणत बाहेर गेली. तिच्यामागे नर्सही गेली.

मुलाने दार लोटून घेतलं. खुर्ची ओढून तो वडिलांजवळ बसला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता.

“परवा पुन्हा उघडावं लागेल, बाबा. हाडाला धातूची पट्टी लावून तारेने आवळतो. घाबरू नका. मीच करीन, दुसऱ्या कुणाला हातही लावू देणार नाही.”

“कर,” मिस्त्री म्हणाले. “फक्त या खेपेला नुसता हात बधिर करू नको, मला पुरतं झोपव. मागच्या वेळी तू ठोकताना हाड तडकलं, ते ऐकलं मी. ‘हे बाहेर बोलायचं नाही’ म्हणालास, तेही.”