मुसळीची लागवड

सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या लागवडीचं प्रशिक्षण आहे म्हणून बुधीबाई डोंगर उतरून आली, तर शिकवायला तिचाच भाचा चिंतामण उभा. तीन वर्षं तिच्या वाफ्यांत राबून तो ही लागवड शिकला होता. तिला कौतुक वाटलं.

“ही पद्धत मी स्वतः शोधून काढली,” तो म्हणाला. बुधीबाईचा चेहरा उतरला.

“पानं वाळली की लगेच मुळं काढा.” शेजारच्या बाया लिहून घेत होत्या. त्यांचं पीक वाया जाणार, हे कळून ती उठली. “लगेच नको. साल काळपट होईपर्यंत मुळं मातीतच राहू द्या.”

लहानपणापासून तिला आत्या म्हणणाऱ्या चिंतामणने माईक तोंडाजवळ धरला. “तुम्ही कुठल्या, बाई?”

बुधीबाईने आपल्या माहेराचं, त्याच्याच गावाचं नाव सांगितलं आणि ती खाली बसली.