आदरार्थी बहुवचन

लिहून मागितलेली माफी चालणार नाही, रविवारच्या ऑनलाइन सभेत स्वतःच्या तोंडाने मागावी लागेल, असा दत्तोपंतांचा निरोप आला तेव्हा शेवंता लसूण सोलत बसली होती.

"मावशी, आता काय करायचं?" करिष्माने मोबाइल तिच्यापुढे नाचवला. "ग्रुपवर नाव माझं आहे. बोलता तुम्ही आणि बोलणी खाते मी."

"मी काय वाईट बोलली?"

वाईट काहीच बोलली नव्हती, तेच तर दुखणं होतं.

'शांतिपथ परिवार' या ग्रुपवर साडेचारशे माणसं होती. रोज सकाळी सहाला निःसंग महाराजांचा आवाज यायचा, पाच मिनिटांचा. आवाज पाठवण्याचा मान एकट्या महाराजांचा. इतरांनी फक्त लिहायचं, आणि लिहिताना 'आपण' लिहायचं. शेवंताला लिहिता येत नव्हतं. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात ती झाडलोट करायची. करिष्मा तिथेच पॅकिंगला होती आणि भिंतीला भिंत लावून राहायची. गेल्या दिवाळीत भिंतीपलीकडून तो आवाज ऐकून शेवंता पिठाच्या हातांनी धावत आली, आणि तेव्हापासून रोज सहाला दारात हजर. सत्संगाची गोडी कुणाला कधी लागेल, सांगता येत नाही.

ऐकून झालं की ती सांगायची आणि करिष्मा टाइप करायची.

'तुझा घसा बसलाय. थंड पाणी पिऊ नको.'

'जेवलास का?'

करिष्माने एकदा हळूच 'आपण जेवलात का' असं लिहून पाहिलं. पण शेवंता लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय उठत नसे. "असं मी बोललीच न्हाय. खोड ते," म्हणाली. खोडावं लागलं.

दत्तोपंत भिवंडीतले निवृत्त हेडक्लार्क. नोकरी सुटली तरी शेरे मारायची सवय सुटली नव्हती, त्यामुळे ग्रुपची शिस्त त्यांच्याकडे होती. त्यांनी लिहिलं, 'करिष्माजी, परिवारात प्रत्येकाला बोलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त ते आदरार्थी बहुवचनात वापरावे.'

तेही निभावलं असतं, पण मग ती कणगी आली. महाराजांनी दृष्टांत सांगितला. एका गावातला मुलगा घरच्यांवर रुसून भाताच्या कणगीत लपला. दोन दिवस अन्नपाण्याविना राहिला, आणि तिथल्या अंधारात त्याला वैराग्याचा पहिला स्पर्श झाला.

शेवंता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"लिव," ती म्हणाली. "दोन दिस न्हाय. दुपारपातूरच. तांदळाच्या भाकरीचा वास आला तसा आपनच बाहेर आला."

ग्रुपवर वणवा पेटला. 'दृष्टांताची टिंगल!' 'महाराजांना खोटं ठरवता?' दुसऱ्या दिवशी सहाला महाराजांचा आवाजच आला नाही. दत्तोपंतांनी त्याचंही खापर करिष्माच्या डोक्यावर फोडलं, आणि आज हा निरोप.

"माफी मागितली नाही तर काढून टाकतील, मावशी. मग सकाळचा आवाज बंद."

शेवंताचा हात थांबला. "बंद म्हंजे? कायमचा?"

"कायमचा."

तिने सोललेल्या पाकळ्या सालांतच टाकल्या. इतकी घाबरलेली ती करिष्माने कधी पाहिली नव्हती. गोदामाच्या सुपरवायझरलाही ती 'काय रे' म्हणायची.

"एकदाच म्हणा ना. 'आपण मला क्षमा करावी.' चार तर शब्द आहेत."

"देवाला मी तू बोलते. पावसाला तू बोलते. यो त्यांच्यापरीस मोठा हाय का?"

"मोठेच आहेत ते."

"मोठा झाला आसंल तर बरंच हाय," शेवंता म्हणाली. "पन मी न्हाय बोलनार."

रविवारी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून करिष्माकडे आली.

"कॅमेरा बंद ठेवायचाय, मावशी. तुम्ही कुणाला दिसणार नाही."

"आसू दे."

सभा सुरू झाली. पडद्यावर महाराज आले. भगवी शाल, छातीपर्यंत दाढी, शांत डोळे. आवाज रोज ऐकला तरी त्यांना डोळ्यांनी बघायची शेवंताची ही पहिलीच वेळ. तिने मोबाइल नाकापाशी नेला.

"वाळलाय," ती पुटपुटली.

"करिष्माजी," दत्तोपंतांचा आवाज आला, "आपला माइक सुरू करा आणि महाराजांची क्षमा मागा."

करिष्माने बटण दाबलं.

"मी करिष्मा न्हाय," शेवंता म्हणाली. "त्या पोरीवर राग धरू नका. तिनं निस्तं लिवलं. बोलली मी."

पडद्यावर महाराजांनी मान वर केली.

"कोण आहात ते नंतर बघू," दत्तोपंत कडाडले. "आधी 'आपण' म्हणा!"

"न्हाय बोलनार. माफी बी मागनार न्हाय. काढायचं तर काढ, तुझा गुरुप तुला लखलाभ! मी माझ्या तोंडानं बोलनार, तुझ्या न्हाय. पन जायच्या आधी यक सांग. दिवाळीपासून इचारते, कोनी जवाब देत न्हाय." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "जेवलास का रे?"

"यांचा माइक बंद करा! ताबडतोब बंद करा!"

महाराजांनी हात वर करून दत्तोपंतांना थांबवलं. खांद्यावरची शाल घसरून खाली गेली, ती त्यांनी सावरली नाही. साडेचारशे माणसं ऐकत होती.

"न्हाय गं, आये," महाराज म्हणाला.