पत्र्यापलीकडची पिल्लं

"थांब बाबा, त्या बिळात लांडगीची पिल्लं हायेत!" मेंढ्या चारणारी भामाबाई जेसीबीला आडवी आली.

हणमंतानं जेसीबी बंद केला. "मावशी, लांडगे तुमचीच कोकरं नेतात ना?"

"नेत्यात. म्हणून जित्ती पिल्लं पुरायची व्हय?"

माळावर इमारती उठणार होत्या. हणमंतानं गयावया केल्यावर बांधकामाच्या साहेबांनी तिथली खोदाई पुढं ढकलली. तोवर लांडगी पिल्लं हलवेल, असं हणमंताला आणि भामाबाईला वाटलं. पण साहेबांनी रिकाम्या मजुरांना कुंपणाला लावलं. लांडगी शिकारीला गेली असताना माळाभोवती उंच पत्रे उभे राहिले.

ती बाहेर घिरट्या घालत राहिली. आत बिळातलं केकाटणं रोज क्षीण होत गेलं. "वाट मोकळी करू द्या," हणमंत विनवायचा. "उद्या बघू," साहेब म्हणायचे.

आवाज थांबला, त्या संध्याकाळी हणमंतानं कुणाला न विचारता एक पत्रा उचकटला आणि तो लांब भामाबाईजवळ जाऊन बसला.

लांडगी आत शिरली. बऱ्याच वेळानं ती तोंडात पिल्लू घेऊन बाहेर आली. त्याची मान लोंबत होती. तिनं ते गवतात ठेवलं, चाटलं, आणि दुसरं आणायला परत आत गेली.