सर्वानुमते सोयरीक

"ग्रामसभेच्या वर कोन न्हाई," सरपंच दगडोबा म्हणाले, आणि हात वर झाले. ठराव अजून वाचायचा होता. या गावात हात आधी वर होत, ठराव मागून येई. त्यामुळे लोकशाहीचा बराच वेळ वाचे.

ग्रामसेवकाने मग ठराव वाचला. गावातल्या पोरापोरींची लग्ने यापुढे ग्रामसभा बहुमताने ठरवील. ज्यांनी गावाला न विचारता लग्न केले, त्यांना गावात पाऊल ठेवता येणार नाही.

ठराव सगळ्या गावासाठी होता, पण पाऊल एकट्या राधिकाचे होते. धनगर वस्तीतल्या या पोरीने बंजारा तांड्यावरच्या संतोषशी हिंगोलीत नोंदणी करून लग्न केले होते. आता पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. जीप वेशीबाहेर अडवलेली होती. आत राधिका नववा महिना सांभाळत बसली होती.

"लेकरू काय रस्त्यावर होऊ द्यायचं तिचं?" तिच्या आईने, चंद्रभागाबाईंनी विचारले.

"वैनी, मलाबी वाईट वाटून राहिलं. पण घटनाच तशी हाय. बहुमत म्हंजी बहुमत."

दगडोबांनी घटना वाचलेली नव्हती. म्हणून तिच्याबद्दल त्यांना कसलीच शंका नव्हती.

चंद्रभागाबाई उठल्या. "मंग माझाबी एक ठराव घ्या."

हात वर झाले. सवयीने दगडोबांचाही झाला.

"सरपंचाच्या दत्तप्रसादचं लगीन आमच्या वस्तीवरच्या लखमाच्या निलमशी लावावं. पोरगी मेंढरं लई चांगली राखती."

दत्तप्रसादची सोयरीक वसमतच्या एका बड्या हळद व्यापाऱ्याकडे ठरत आली होती. मागून कोणीतरी ओरडले, "मंजूर! मांडव कवा टाकायचा, सरपंच?"

दगडोबा खुर्चीवरून ताडकन उठले. "काहून? पोराची मर्जी म्हनून काही असती का न्हाई? सारा जिल्हा हात वर करंल, तरी ती मोडता येत न्हाई!"

दत्तप्रसादने दचकून वडिलांकडे पाहिले. आपल्याला मर्जी असते, हे त्याला आजच कळत होते.

दगडोबांनी अजून वरच असलेल्या आपल्या हाताकडे पाहिले आणि तो हळूच खाली घेतला.

चंद्रभागाबाई तडक वेशीकडे गेल्या. जीपचे दार उघडून म्हणाल्या, "उतर, राधे. सरपंचानं तुझ्या बाजूनं निकाल दिला."